जोत्यापासून आढ्यापर्यंत
वाचकांचे प्रश्न : जुन्या पुण्याच्या पेठा, वाडे आणि त्यांची देखभाल

गेल्या अंकातल्या वाडा-दुरुस्तीच्या लेखावर बरीच पत्रं आली. काही फिरण्याविषयी, काही स्वतःच्या घराविषयी, आणि एक-दोन सरळ भांडायला. मी भांडणारी आधी घेणार होते. संपादक म्हणाले, आधी लोकांना फिरवून आणा, मग भांडा. तर तसं.

ताई, आम्ही पिंपरीला राहतो. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. त्यांना जुनं पुणं पायी दाखवायचं आहे. दर वेळी शनिवारवाडा बघतो, आइस्क्रीम खातो आणि परत येतो. नेमकं कुठून सुरू करायचं आणि काय बघायचं?
— एक पालक, पिंपरी

शनिवारवाडा सोडू नका, फक्त तिथे वेगळ्या कामाला जा. आत गेल्यावर मुलांना एवढंच विचारा, की इथे काय उरलंय आणि काय गेलंय? थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. उरलं ते सगळं दगडाचं आहे: तट, बुरूज, जोती, हौद, कारंज्याचं कमळ. गेलं ते लाकडाचं. दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्यात लाकडी खांब अजून उभे आहेत, वर जाऊ देत असतील तर जरूर जा, म्हणजे गेलेलं कसं होतं याचा अंदाज येतो. एवढं मुलांच्या डोक्यात बसलं की पेठेतला कुठलाही वाडा त्यांना वाचता येईल. खाली दगडाचं जोतं, मध्ये सागवानी सांगाडा आणि त्यात भरलेली वीट, वर कौलं. बहुतेक वाडे असे तीन थरांच्या हिशेबाचे असतात, मजले कितीही असोत.

तिथून लाल महाल. मुलांना खरं सांगा, की समोर दिसते ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. जागा इतिहासातली, भिंती आपल्या काळातल्या. मुलांना हे कळतं, मोठ्यांनाच वाईट वाटतं.

मग कसबा गणपतीवरून तांबट आळीत शिरा. रविवारी ठोक्यांचा आवाज कमी असायचा, त्यामुळे जमलं तर शनिवारी या. इथे वाडा बघायचा नाही, कारागिराचं घर बघायचं. रस्त्याला लागून काम करायची जागा, मागे किंवा वर संसार, आणि मध्ये जेमतेम एक माणूस जाईल असा बोळ. पुण्याच्या वास्तूंवर बोलताना आपण सरदारांच्या चौसोपी वाड्यांवरच अडकतो. पेठ मात्र उभी राहिली ती अशा दोन-तीन खणांच्या (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण) घरांवर, आणि त्यांची कुठे नोंदही नसते.

पाय दमले नसतील तर सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीपर्यंत चाला. १७५४ ते १७७० या काळात बांधलेलं हे काळ्या दगडाचं छोटं देऊळ आहे. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आहे. तो तुम्ही दाखवू नका, मुलांना शोधू द्या. पेठेत सगळीकडे लाकूड, वीट आणि चुना बघून आल्यावर निव्वळ दगडातलं हे काम बघितलं की एकच गाव किती वेगवेगळ्या हातांनी बांधलं गेलं ते दिसतं.

एका सकाळी एवढंच. दुसऱ्या फेरीला दक्षिणेकडचा भाग घ्या: नाना वाडा, बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, मंडई. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला, पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. त्याचा रस्त्यावरचा लाकडी सज्जा आणि सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब समोरच्या पदपथावरून बघा, वाड्याच्या खाली उभं राहून काही दिसत नाही. खरेदीला आलेली गर्दी ढकलेल, ढकलू द्या. तुळशीबागेत दुकानांच्या मधून आत गेलं की रामाचं देऊळ आहे. शिखरावरच्या कोनाड्यांतल्या चुन्याच्या मूर्ती बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. आणि शेवटी मंडई. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ही इमारत वाड्याच्या बरोबर उलट स्वभावाची आहे. वाडा रस्त्याकडे पाठ करून आपल्या चौकाकडे तोंड करून बसतो. मंडईचा अष्टकोनी मनोरा मध्ये आणि पाखं चारी बाजूंना बाहेर पसरलेली. वाड्यातून निघून दहा मिनिटांत मंडईपाशी आलात की सरकार बदललं म्हणजे काय झालं, हे पुस्तकाशिवाय कळतं.

फिरताना बघायची माझी सवय सांगते. आधी खाली, मग वर, शेवटी मध्ये. खाली जोतं किती उरलंय, वर वळचण आणि पन्हाळ शाबूत आहे का, आणि मध्ये भिंतीवर ओलीची रेघ कुठवर चढली आहे. कोरीव खांब सगळ्यात शेवटी. ते कुठे जात नाहीत, पन्हाळ शाबूत असली तर.

वाड्यावर पाटी नसेल तर तो किती जुना हे बाहेरून ओळखता येतं का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज वाद होतात. एक जण तर प्रत्येक वाडा पेशवेकालीनच आहे असं सांगतो.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड

त्या गृहस्थांना प्रत्येक पेठेत एक भाऊ आहे. साल सांगता येत नाही, पण काळ सांगता येतो, आणि त्यासाठी एका खुणेवर कधीच विसंबायचं नाही.

पेशवाईतला वाडा रस्त्याच्या बाजूला फारसं उघडत नाही. खालच्या मजल्याला जाड भिंत, मोजके झरोके, भक्कम दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी, आत देवडी, म्हणजे पहाऱ्याची ओसरी. उजेड आणि वारा चौकातून येतो. इंग्रजी अमलात रस्त्याचं भय कमी झालं आणि रस्त्यावरच्या जागेची किंमत वाढली. मग तळमजल्याला दुकानांचे गाळे आले, वर ओळीने खिडक्या आल्या, लाकडी हस्तांवर (तिरप्या आधारांवर) पुढे आलेल्या गॅलऱ्या आणि त्यांना बिडाचे नक्षीदार कठडे आले. छताला लोखंडी गर्डर दिसला तर जवळ जाऊन बघा, कधीकधी त्याच्यावर परदेशी कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं. गोल कोपऱ्याची सिमेंटची बाल्कनी दिसली की तुम्ही १९३०–४० च्या आसपास आलात.

कौलांवरून फसायला होतं. चपटी मंगळुरी कौलं १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यानंतरची. त्याआधी कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं असत. पण जुन्या वाड्यावर पुढे मंगळुरी कौलं चढवली गेली, त्यामुळे कौल हे फक्त छपराचं वय सांगतं. विटेचंही तसंच आहे. जुनी वीट पातळ आणि पसरट असते, पण पडलेल्या वाड्याच्या विटा काढून दुसरीकडे वापरण्याची रीत जुनीच आहे. म्हणून मी खांब आणि त्याच्या उथळ्याकडे, म्हणजे खालच्या बैठकीकडे, बघते. खांब दगडी उथळ्यावर मूळ जागी उभा असेल, वरच्या हस्ताला कोरलेली केळफुलं असतील, आणि कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत, त्याच मापाच्या खणात बसला असेल, तर ते एकत्र घडलेलं आहे असं धरायला हरकत नाही.

नदीकाठी, म्हणजे शनिवार आणि नारायण पेठेच्या खालच्या अंगाला, वाडे शोधत गेलात आणि सलग साठच्या दशकातल्या साध्या इमारती लागल्या तर गोंधळू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. मातीच्या भरावाच्या भिंती पाण्यात तासन् तास उभ्या राहिल्यावर विरघळतात. कितीतरी वाडे वाहून गेले नाहीत, जागच्या जागी बसले.

लोकांच्या वाड्यात शिरून फोटो काढावेत का? आत खूप सुंदर चौक असतात असं ऐकलं आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली

विचारून. दिंडी उघडी आहे म्हणजे आमंत्रण नव्हे. चौक हा त्या घरांचा दिवाणखाना आहे, तिथे कपडे वाळत असतात आणि आजी केस विंचरत असतात. बाहेरूनच "आत यावं का?" असं मोठ्याने विचारा आणि उत्तराची वाट बघा. वास्तुशास्त्र शिकत असाल तर फोटोपेक्षा वही काढा. चित्र काढत बसलेल्या मुलीला पेठेत चहा मिळतो, कॅमेरा घेऊन आलेल्या टोळक्याला "काय पाहिजे?" मिळतं. दहा जणांचा घोळका घेऊन तर अजिबात जाऊ नका. गेल्या काही वर्षांत वाडे बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली, त्याचा राहणाऱ्यांना झालेला एकमेव फायदा म्हणजे दारावरची नवी पाटी, "परवानगीशिवाय आत येऊ नये."

आजोबांचा वाडा नारायण पेठेत आहे. खालच्या भिंतींना कंबरेएवढा लोणा लागला आहे, पोपडे पडतात. कंत्राटदार म्हणतो, जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वरून वॉटरप्रूफ रंग, दहा वर्षं बघायला नको. गावाकडचे काका म्हणतात चुनाच करा, त्यात गूळ घाला. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, सध्या बेंगळुरू

काकांचं. पण गुळासाठी नाही.

आधी लोणा म्हणजे काय ते बघा. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पृष्ठभागाशी आल्यावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. चुन्याचा गिलावा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ओलीला बाहेर जायला वाट देतो आणि स्वतः झिजतो. त्याचं कामच झिजण्याचं आहे, वीट वाचावी म्हणून. सिमेंट घट्ट असतं. ते लावलं की ओल अडते, आणि अडलेलं पाणी वर चढत राहतं. कंबरेएवढा लोणा छातीपर्यंत जातो. ताप आलेल्या माणसाला रेनकोट घालून बसवावं तसा हा इलाज आहे. पहिली दोन-तीन वर्षं भिंत देखणी दिसते, कंत्राटदाराची हमी तेवढ्यापुरती खरीच असते. नंतर गिलाव्याचा पापुद्रा सुटतो तो जुन्या विटेचा थर सोबत घेऊन.

त्याहून वाईट म्हणजे भिंतीतलं लाकूड. तुमच्या वाड्याचे खांब आणि तुळयांची टोकं भिंतीच्या पोटात आहेत. कोंडलेली ओल तिथे जाऊन बसते. सागाचा गाभा वाळवीला सहज दाद देत नाही, पण सतत ओलं राहिलेलं टोक कुजतंच, आणि ते दिसत नाही. मी वाडा तपासायला जाते तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर आणि लाकडी हातोडी एवढंच आधी घेते. तुळईवर मधून टोकाकडे ठोकत जायचं. आवाज ठणठणीत असेल तर पुढे, बद्द झाला की थांबायचं आणि टोचून बघायचं. ही परीक्षा मला कॉलेजात कोणी शिकवली नाही, एका सुतारकाकांनी शिकवली. ते आवाज ऐकून "वीतभर गेलंय" असं सांगायचे आणि उघडल्यावर वीतभरच निघायचं. कुजलेलं टोक कापून तिथे नवं सागवान जोडता येतं, जोडाला लोखंडी पट्ट्या देता येतात. संपूर्ण तुळई बदलायची वेळ क्वचित येते. "सगळं लाकूड गेलंय, पाडा" असं जो पहिल्या भेटीत सांगतो, त्याला दुसऱ्या भेटीला बोलावू नका.

आता कामाचा क्रम. गिलावा सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि त्यासाठी भिंतीकडे नाही, छपराकडे आणि रस्त्याकडे बघा. छपरावर फुटलेली कौलं, सरकलेल्या रिपा, पानांनी तुंबलेली पन्हाळ. पूर्वी दर पावसाळ्याआधी कौलं चाळून (उतरवून, फुटकी बदलून, परत बसवून) घ्यायची पद्धत होती, ती बंद पडली तेव्हापासून वाडे पडायला लागले असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्याचं कारण शहराने दिलेलं आहे. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढत गेलं, पेव्हर ब्लॉक आले, आणि रस्ता जोत्याच्या वर गेला. तुमच्या आजोबांच्या लहानपणी बहुधा दोन-तीन पायऱ्या चढून वाड्यात जात असतील. आता पायरी उतरून जावं लागत असेल, तर तुमचा लोणा कुठून आला ते कळलं. जोत्याच्या कडेने चर खोदून दगडगोटे भरा, उताराने पाणी बाजूला न्या. चौकातली मोरी आणि भिंतीतला जुना ड्रेनेज पाइप फुटका नाही ना, हेही बघा. भिंतीत पिंपळ असेल तर नुसता कापू नका, तो दुप्पट जोमाने येतो. मुळाशी जाऊन काढावा लागतो, कधी त्यासाठी तेवढा भाग उकलून परत बांधावा लागतो.

हे सगळं झाल्यावर भिंतीला निदान एक उन्हाळा सुकू द्या. मग चुना. कळीचा चुना पाण्यात नीट मुरू द्यायचा, वाळू आणि विटेचा चुरा मिसळून दगडी चाकाच्या घाणीत किंवा निदान यंत्रात मळायचा, पातळ थरांत लावायचा, आणि वाळण्याची घाई करायची नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होत असतो. त्याला आठवडे लागतात, ओली पोती लावून ठेवावी लागतात. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालण्याची जुनी रीत आहे आणि त्याने मिश्रण लावायला सोपं होतं, सुकायला वेळ घेतं. पण हल्ली व्हिडिओ बघून लोक मला विचारतात, "किती किलो गूळ?" चुना किती दिवस मुरवला, हे कोणी विचारत नाही. कच्च्या चुन्यात कितीही गूळ ओतला तरी फायदा होतो तो फक्त मुंग्यांना.

एक सूचना. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळवणं हे तुमचं खरं काम असेल. मिळाला तर बेंगळुरूहून फोनवर काम करवू नका, सुट्टी काढून या.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत. वाडा मोडकळीला आलाय, पाडून नवीन बांधता येत नाही. भाडेकरू महिन्याला जे देतात त्यात एक कौलही येत नाही. पर्यटक आमच्या गॅलरीचे फोटो काढतात. हेरिटेज आमच्या काय कामाचं?
— एक वाडामालक, शनिवार पेठ

तुमचा राग मला वाजवी वाटतो. संरक्षित स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर परवानगीचा पट्टा आला. मोकळ्या माळावरच्या लेण्यांना हे शोभतं. गच्च वस्तीच्या मधोमध असलेल्या स्मारकाला तीच पट्टी लावली की स्मारक राहतं आणि ज्या पेठेमुळे त्याला अर्थ होता ती पेठ जागेवर कुजते. उंचीची मर्यादा, दर्शनी भागाचे नियम, जुन्या जोत्यावरच बांधण्याची अट, असं काहीतरी हवं होतं. रहिवासी ही मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. तूर्त नियम आहे तो आहे.

पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बंदी नव्या बांधकामाला आहे. असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. त्यासाठी वाडा आहे तसा कागदावर आणा: मोजमापाचे नकाशे, प्रत्येक खोलीचे फोटो, कुठली तुळई कशी आहे त्याची नोंद. वास्तुशास्त्राच्या कॉलेजांतली मुलं हे काम आनंदाने करतात, त्यांना अभ्यासासाठी वाडे हवेच असतात. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, पण ज्याने लाकडी बांधकामावर काम केलंय अशा इंजिनिअरकडून. फक्त काँक्रीट शिकलेल्या माणसाला कडीपाट बघितला की भीती वाटते, आणि भीतीचा अहवाल "पाडा" असाच येतो. महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का तेही बघून घ्या. यादीतल्या वास्तूंना श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीला जवळपास हात लावता येत नाही, खालच्या श्रेण्यांत आतले बदल करायला वाव असतो. बांधकामाचा न वापरलेला हक्क (टीडीआर) हस्तांतरित करण्याची सोयही यादीतल्या वास्तूंसाठी आहे. यादीत नाव आलं म्हणजे घर गेलं, ही समजूत चुकीची आहे.

भाडेकरूंचा प्रश्न कायद्यापेक्षा माणसांचा जास्त आहे. भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. मालकाने केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन ती करू शकतो आणि भाड्यातून ठरावीक हिस्सा वळता करू शकतो. भाडं एवढं कमी, की त्या हिश्शातून पन्हाळही साफ होणार नाही. म्हणून मी पाहिलेले जे वाडे टिकले ते कोर्टात नाही, ओसरीवर टिकले. मालक आणि भाडेकरू एकत्र बसले, छपराचा खर्च बिऱ्हाडांत वाटला, त्याचा लेखी कागद केला, आणि त्या कागदात "यामुळे कोणाचाही हक्क कमी-जास्त होत नाही" असं वकिलाकडून घालून घेतलं. हे वाक्य नसेल तर पहिला पैसा कोणी काढत नाही.

आणि कृपा करून तिसऱ्या मजल्यावरची पाण्याची टाकी खाली आणा. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत ती दिसते आहे. ती ज्या तुळईवर उभी आहे तिने कधी हजार लिटरचा हिशेब केलेला नव्हता.

तुमचा लेख वाचून चीड आली. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं, एक संडास, अंधारी माजघरं. आईने आयुष्यभर जिने चढून पाणी वाहिलं. आम्ही फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा ती पहिल्यांदा सुखाने झोपली. तुम्हाला केळफुलं दिसतात, माणसं दिसत नाहीत. शिवाय वाडे कोणाचे होते, आत कोणाला येऊ देत होते, हेही लिहा.
— एक वाचक, धनकवडी

हे पत्र पूर्ण छापायला मी सांगितलं. तुमच्या आईने जे केलं ते बरोबर केलं.

वाड्याचा नकाशा हा समाजाचाही नकाशा होता. देवडीपर्यंत कोण, ओसरीपर्यंत कोण, माजघरात कोण आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला कोण, हे भिंतींनीच ठरवून ठेवलं होतं. अनेकांना देवडीही ओलांडता येत नव्हती. बायकांचा दिवस मागच्या अंधारात जायचा. चौकातल्या उजेडाचं कौतुक करताना तो कोणाच्या वाट्याला येत होता, हे सांगायला हवं. मी फिरायला येणाऱ्यांना ते सांगते, पण लेखात आलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

संडासाचं मात्र मी वेगळं म्हणेन. तो प्रश्न वाड्याने निर्माण केलेला नाही. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात नऊ कुटुंबं शिरली, आणि नंतर पन्नास-साठ वर्षं कोणी एक पाइपही वाढवला नाही. जुन्या घरात नळ, संडास, न्हाणीघर चांगलं करता येतं. मागच्या अंगाला स्वतःच्या पायावर वेगळा सांगाडा उभा करायचा, मूळ लाकडावर भार टाकायचा नाही, पाणी त्याला शिवू द्यायचं नाही. ज्या संवर्धनात राहणाऱ्याने अंधारात राहावं अशी अपेक्षा असते, त्याच्या विरोधात मी तुमच्या बाजूला उभी आहे.

आणि वाडा वाचवण्याचं कारण नेहमी नक्षी असतं असंही नाही. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. अनेक वर्षं तो खटल्यात अडकून उभा होता, खाली दुकानं, वर पडझड. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवं. पण ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली चढल्या असतील त्या जागेचं माप, लाकूड, खिडकीची उंची, यातलं काही तरी वेळेवर दुरुस्त करून राखता आलं असतं असं मला वाटतं. तिथे केळफुलांचा प्रश्न नव्हता. ज्यांना देवडीच्या आत घेत नव्हते त्यांच्या इतिहासाचा एक वाडा आपल्याकडे होता, आणि त्याचीही कौलं कोणी चाळली नाहीत.

पेठांमध्ये फिरायला कुठला ऋतू चांगला? सगळे डिसेंबर सांगतात.
— एक वाचक, नाशिक

डिसेंबर फोटोंसाठी. वाडे समजून घ्यायचे असतील तर जुलै.

पाऊस चालू असताना कुठली पन्हाळ वाहते, कुठली भिंतीवर ओतते, कुठे पागोळ्या जोत्याच्या बाहेर पडतात आणि कुठे थेट दारात, हे दहा मिनिटांत कळतं. उन्हाळ्यात तेच शोधायला मला अर्धा दिवस लागतो. शेजारचा वाडा पाडल्यामुळे उघडी पडलेली सामाईक भिंत दिसली तर तिथे थांबा. गेलेल्या घराचे कोनाडे, जिन्याची तिरपी खूण, देवघराचा निळा रंग त्या भिंतीवर दिसतो. ती भिंत कधीच पावसासाठी बांधलेली नव्हती, त्यामुळे वर निदान पत्र्याचा आडोसा बसवला आहे का तेही बघा. नसेल तर त्या भिंतीला लागून चालू नका, पलीकडच्या बाजूने जा. महापालिकेने धोकादायक म्हणून फलक लावलेल्या वाड्यात पावसाळ्यात पाऊलही टाकू नका, आतल्यांनी बोलावलं तरी.

चपला घसरणाऱ्या नकोत, आणि छत्रीऐवजी रेनकोट घ्या. बोळात समोरून दुसरी छत्री आली की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि पेठेत मागे कोणी जात नाही.